गाठ परतली, की नळी तुंबली?

कानामागे केसांत बोट फिरवलं की चिंचोक्याएवढा एक उंचवटा हाताला लागतो. तिथून खाली मानेच्या कडेने, गळ्याच्या हाडावरून, छातीवरून पोटाकडे कातडीखालून एक दोरीसारखी रेघ गेलेली असते. माणूस वाळलेला असेल तर ती लांबूनही दिसते. डोक्यात पाणी साठू नये म्हणून बसवलेली ही शंटची नळी. घरच्यांना तिची सवय होऊन जाते. केस कापताना न्हावी तेवढा दचकतो.

ज्यांना मेंदूचा लिम्फोमा होऊन गेला आणि त्या काळात अशी नळी बसवावी लागली, त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितोय. या घरांमधून येणारा फोन साधारण एकाच धर्तीचा असतो. वर्षभर सगळं ठीक होतं, एमआरआय स्वच्छ होता. पण गेल्या आठ दिवसांपासून बाबा दुपारभर झोपून असतात, चालताना चप्पल पायातून निसटते, काही विचारलं तर उत्तर उशिरा येतं. "परत आला का हो तो?"

प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. नळी असलेल्या माणसाच्या बाबतीत त्याचा दुसरा अर्धा भाग असा, की नळीच तर तुंबली नाही ना? आणि क्वचित घडणारी एक तिसरी शक्यताही असते. आजार परतलेला असतो, पण डोक्यात नाही, नळीच्या दुसऱ्या टोकाला, पोटात.

आधी आजाराबद्दल थोडं. लिम्फोमा म्हटलं की मानेतल्या, काखेतल्या, जांघेतल्या गाठी डोळ्यांसमोर येतात. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा हा कॅन्सर. मेंदूचा प्राथमिक लिम्फोमा त्याच घराण्यातला, पण स्वभावाने एकलकोंडा. तो मेंदूत सुरू होतो आणि सहसा मेंदू, डोळ्याचा आतला भाग, मेंदूभोवतीची आवरणं आणि मणक्यातलं पाणी यांच्या पलीकडे जात नाही. मेंदूच्या सगळ्या गाठींत याचं प्रमाण शंभरात दोन ते चार. बहुतेक रुग्ण साठीच्या आसपासचे किंवा पुढचे. एचआयव्ही असलेल्यांत किंवा अवयव बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांत तो तरुणपणीही होतो.

त्याच्या दोन खोडी इथे कामाच्या आहेत. पहिली म्हणजे त्याला मेंदूच्या खोल भागात, पाण्याच्या पोकळ्यांच्या काठाने वाढायला आवडतं. दुसरी म्हणजे स्टेरॉइड मिळालं की तो वितळतो. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची चार-दोन इंजेक्शनं गेली की एमआरआयवर काल दिसलेली गाठ आज धूसर होते, कधी दिसेनाशीच होते. घरच्यांना वाटतं, बरं झालं. पण अशा वेळी सुईने घेतलेल्या तुकड्यात मेलेल्या पेशींखेरीज काही सापडत नाही आणि निदान लटकतं. काही आठवड्यांनी गाठ पुन्हा डोकं वर काढते. म्हणून लिम्फोमाचा संशय असेल आणि जिवावर बेतलेलं नसेल, तर तुकडा घेईपर्यंत डॉक्टर स्टेरॉइड हातचं राखून ठेवतात. आजार उलटल्याची शंका असतानाही हीच काळजी घ्यावी लागते.

आता पाण्याकडे वळू. मेंदूच्या आत चार पोकळ्या आहेत. त्यांत दिवसाला साधारण 500 मिलिलिटर, म्हणजे अर्धा लिटर स्वच्छ पाणी तयार होतं. एका वेळी मात्र डोकं आणि मणका मिळून ते 150 मिलिलिटरच असतं. याचा अर्थ, दिवसातून तीन-चार वेळा सगळं पाणी बदलतं. वरच्या दोन मोठ्या पोकळ्यांतून ते तिसरीत उतरतं, तिथून एका अगदी अरुंद वाटेने चौथीत जातं, मग मेंदूच्या बाहेर पसरतं आणि रक्तात शोषलं जातं. वाट अडली तरी पाणी तयार होणं काही थांबत नाही. पोकळ्या फुगतात आणि मेंदू आतून दाबला जातो. याला आपण साध्या बोलीत "डोक्यात पाणी झालं" म्हणतो.

लिम्फोमात हे दोन प्रकारे होतं. एक तर गाठ त्या अरुंद वाटेलाच आडवी येते. किंवा पेशी आवरणांवर पसरतात, पाण्यातलं प्रथिन वाढतं आणि शोषणाच्या जागा बुजतात. उपचार संपल्यावर बऱ्याच महिन्यांनीही पाणी साठू शकतं, विशेषतः पूर्ण मेंदूला शेक (रेडिएशन) दिलेला असेल तर. त्यात चालणं बिघडतं, विसरभोळेपणा वाढतो आणि लघवीवरचा ताबा जातो. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. उंबरा ओलांडायला माणूस तीन वेळा पाऊल उचलतो.

डोक्यात पाणी झालं म्हणजे प्रत्येकाला कायमची नळी लागतेच असं नाही. हा आजार औषधाला पटकन दाद देत असल्यामुळे कधी पाणी काही दिवस बाहेरच्या पिशवीत काढतात आणि गाठ विरघळली की वाट आपोआप मोकळी होते. वाट मधेच अडली असेल तर दुर्बिणीतून तिसऱ्या पोकळीच्या तळाला भोक पाडूनही पाणी वळवता येतं. मग आत बाहेरची कुठली वस्तू राहत नाही. तरी अनेकांना शेवटी शंट लागतोच.

शंटची रचना तशी साधी. एक टोक मेंदूच्या पोकळीत, दुसरं पोटात आतड्यांभोवतीच्या पोकळीत, आणि मधे कानामागे एक झडप. डोक्यातला दाब ठराविक मर्यादेच्या वर गेला की झडप उघडते. पाणी उलटं वर येत नाही. आज जगभर बसणाऱ्या सिलिकॉनच्या झडपांची सुरुवात अमेरिकेत फिलाडेल्फियात एका बापाच्या धडपडीतून झाली. जॉन होल्टर हा कारखान्यात काम करणारा माणूस. त्याच्या मुलाच्या डोक्यात पाणी साठत होतं. सर्जन युजीन स्पिट्झ यांच्याबरोबर त्याने 1956 मध्ये सिलिकॉनची झडप वापरात आणली. आपल्याकडे सरकारी इस्पितळात बसणारा शंट पुष्कळदा "छाब्रा" असतो. उत्तर प्रदेशातले न्यूरोसर्जन डॉ. छाब्रा यांच्या नावाचा आणि तिथेच बनणारा. युगांडात मुलांवर झालेल्या एका अभ्यासात साधारण 35 डॉलरचा हा शंट साडेसहाशे डॉलरच्या परदेशी शंटच्या बरोबरीने चालला, असं 2005 साली छापून आलं. स्वस्त नळी घातली म्हणून बिघडलं, असं मनाला लावून घेणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगितलं.

महाग असो की स्वस्त, नळी बिघडते. लहान मुलांत पहिल्या वर्षातच दहातल्या तीन-चार नळ्यांना काहीतरी होतं. मोठ्यांत प्रमाण कमी, पण शून्य नाही. तुंबते, सांध्यातून सुटते, जंतुसंसर्ग होतो, कधी गरजेपेक्षा जास्त पाणी ओढते.

आणि आजारही परततो. गाठ पूर्ण विरघळल्याचं एमआरआयने सांगितलं तरी पुष्कळ रुग्णांत, काही पाहण्यांमध्ये निम्म्यांपर्यंत, लिम्फोमा उलटतो. बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत. म्हणून पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, मग पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी एमआरआय करायची पद्धत आहे. परततो तेव्हा तो बहुधा मेंदूतच परततो, पण जुन्या जागी असेलच असं नाही. पहिली गाठ उजवीकडे पुढे आणि दुसरी डावीकडे खोलवर, असंही होतं. डोळ्यात आला तर नजर धुरकट होते, डोळ्यांपुढे ठिपके तरंगतात. चष्म्याचा नंबर वाढला म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नये.

मेंदूच्या बाहेर तो क्वचितच जातो. पेशी मुळात रक्ताच्या कुळातली, सगळं शरीर तिला मोकळं. तरी मेंदूत तिला जमतं आणि बाहेर जमत नाही. बाहेर शरीराची राखण कडक आहे, मेंदूत ती सैल आहे, असा यावर तज्ज्ञांचा कयास आहे.

नळीमुळे मात्र या बंद घराला मागचं दार मिळतं. पाण्यात लिम्फोमाच्या पेशी तरंगत असतील तर त्या झडपेतून, छातीवरून थेट पोटात पोचू शकतात. पोटातलं आवरण मोठं, ओलसर आणि रक्तपुरवठ्याने भरलेलं. पेशींना रुजायला जागा वाईट नाही. मुलांच्या मेंदूतल्या काही गाठी अशा वाटेने पोटात उतरल्याचं डॉक्टरांना बऱ्याच दशकांपासून माहीत आहे. ते रोखायला मधे गाळणी बसवून पाहिली गेली, पण गाळणीच तुंबायची, म्हणून तो नाद सुटला. मेंदूच्या लिम्फोमात असं झाल्याच्या नोंदी सुट्या-सुट्या रुग्णांच्या आहेत, फार थोड्या. कुणाच्या पोटात पाणी झालं आणि त्यात त्याच पेशी सापडल्या, कुणाला नळीच्या वाटेवर कातडीखाली गाठ आली.

म्हणजे "नळी टाकली म्हणून कॅन्सर पसरला" हे वाक्य जवळजवळ नेहमी चुकीचं असतं. आधी पेशी पाण्यात उतरलेल्या असाव्या लागतात. नळी त्यांना फक्त वाट देते. आणि डोक्यात पाणी तुंबलेलं असताना नळी न बसवणं हा पर्याय नसतोच. त्या दाबाने माणूस आठवड्यांत नाही, तासांतही जाऊ शकतो. कुणीतरी काकू येऊन "तेव्हा नको म्हणायला हवं होतं" म्हणतात. त्यांना चहा द्यावा आणि विषय बदलावा.

पोटात आजार आला तर दिसतं काय? पोट हळूहळू फुगतं, पायजम्याची नाडी सैल करावी लागते, भूक मरते, शौचाला साफ होत नाही. पण फसायला इथेही जागा आहे. पोटाच्या आवरणाने पाणी शोषणं बंद केलं तरी पोट फुगतं. नळीच्या टोकाभोवती पाण्याची पिशवी तयार झाली, आणि तिच्यामागे बऱ्याचदा जंतुसंसर्ग असतो, तरीही फुगतं. नुसत्या सोनोग्राफीवरून नेमकं कारण ठरत नाही. सुईने पोटातलं पाणी काढून त्यातल्या पेशी तपासल्यावरच उलगडा होतो. त्या पाण्याचं कल्चर (जंतू वाढतात का ते पाहणं) आणि पेशींची तपासणी अशा दोन्ही गोष्टी मागायच्या असतात. नुसतं कल्चर स्वच्छ आलं म्हणून निश्चिंत होता येत नाही.

एका बाबतीत पोटातला आजार मेंदूतल्यापेक्षा आटोपशीर असतो. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा बहुतेक औषधं आत सोडत नाही. गळ्यातल्या-काखेतल्या लिम्फोमावर वर्षानुवर्षं चालणारी नेहमीची केमो मेंदूच्या लिम्फोमात म्हणूनच निष्प्रभ ठरली. पोटात तो पडदा नाही, तिथे तीच केमो लागू पडू शकते. अर्थात, पोटात पेशी सापडल्या की डोकं, डोळे आणि मणका पुन्हा तपासावेच लागतात, कारण त्या पेशी आल्या तिथूनच.

मेंदूच्या लिम्फोमाचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. संधिवाताचे रुग्ण हेच औषध आठवड्याला दहा-पंधरा मिलिग्रॅम घेतात. इथे शरीराच्या दर चौरस मीटरला तीन ते साडेतीन ग्रॅम किंवा त्याहून जास्त देतात. मध्यम बांध्याच्या माणसाला एका वेळी साडेपाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे संधिवाताच्या डोसच्या साडेतीनशे ते साडेपाचशे पट. पडद्यातून पुरेसं औषध आत ढकलायचं तर एवढं लागतंच. मग किडनी वाचवायला सलाइनचा मारा, लघवी अल्कलीकडे झुकवायला सोडा आणि एक दिवसानंतर ल्युकोव्होरिन हा उतारा. आता यात नळीचं काय? मेथोट्रेक्सेटला साठलेल्या पाण्यात मुक्काम करायची सवय आहे. शंटमुळे पोटात पाणी साठलेलं असेल तर औषध तिथे दडून बसतं आणि दिवसेंदिवस हळूहळू रक्तात झिरपत राहतं. तोंड सोलतं, रक्तपेशी घसरतात, किडनीवर ताण येतो. आजार उलटल्यावर पुन्हा हेच औषध सुरू करायचं ठरलं, तर आधी पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी.

पाठीतून किंवा डोक्यातून थेट पाण्यात औषध सोडायचं असेल तर अडचण उलटी होते. चालू शंट ते औषध मेंदूभोवती फिरायच्या आत पोटात ओढून नेतो. बाहेरून दाब बदलता येणारी झडप असेल तर काही वेळ प्रवाह कमी करता येतो, पण हे काम सर्जनच्या देखरेखीखालचं.

आता त्या फोनकडे परत येतो. दुपारभर झोपणारे, चप्पल निसटणारे बाबा. पहिला प्रश्न मी विचारतो तो असा: डोकं केव्हा दुखतं? पहाटे, झोपून उठताना दुखत असेल, सोबत उलटी असेल, तर आत दाब वाढल्याची शंका. उभं राहिलं की दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, तर नळी जास्त पाणी ओढत असावी. दुसरा प्रश्न: किती दिवसांत हे झालं? तासांत किंवा दोन-तीन दिवसांत खालावलं तर नळीकडे आधी बघायचं. एक हात कमजोर, शब्द सापडत नाहीत, तोंड वाकडं, आणि हे आठवड्यांगणिक वाढतंय, तर गाठीकडे बोट जातं. ताप आणि नळीच्या वाटेवर लाली असेल तर जंतुसंसर्ग. पण हे अंदाज फोनवरचे. सुस्ती वाढतेय, उलट्या होतायत, तर रात्र काढू नका, न्यूरोसर्जन असलेल्या इस्पितळात न्या. दाब वाढलेला असू शकतो अशा वेळी डोक्याचा सीटी स्कॅन न करता पाठीतलं पाणी काढायचं नसतं, हेही लक्षात असू द्या.

इस्पितळात पहिल्यांदा सीटी होतो, कारण पोकळ्या फुगल्या की नाही ते त्यात मिनिटांत कळतं. जुनी सीडी किंवा फिल्म सोबत असेल तर फार बरं. काहींच्या पोकळ्या मुळातच मोठ्या राहिलेल्या असतात, तुलनेशिवाय त्यांचं काही ठरवता येत नाही. मग डोकं, मान, छाती, पोट यांचे एक्स-रे काढून नळी कुठे तुटली-सुटली का ते पाहतात. गाठीसाठी मात्र इंजेक्शन देऊन केलेला एमआरआयच लागतो.

एमआरआयही फसवतो. धातूचे भाग असलेली झडप असेल तर तिच्याजवळचा भाग काळा, वाकडा दिसतो, त्याआड लहान डाग लपू शकतो. आणि नळीने पाणी जास्त ओढलं की मेंदूचं बाहेरचं जाड आवरण सगळीकडे एकसारखं उजळतं. घाईत वाचणाऱ्याला ते आवरणावर पसरलेला आजार वाटू शकतं. लिम्फोमा आवरणांवर पसरतो तेव्हा तो सहसा आतल्या पातळ आवरणावर, मेंदूच्या वळ्यांत शिरून दिसतो. म्हणून एमआरआयच्या फॉर्मवर "शंट आहे" हे ठळक लिहायचं. रिपोर्ट लिहिणाऱ्याला नळीची गोष्ट माहीत नसेल तर त्याचा दोष नाही. दाब बदलता येणाऱ्या काही झडपांचं सेटिंग एमआरआयच्या चुंबकाने हलतं. मशीनमधून बाहेर आल्यावर ते पुन्हा तपासून घ्यावं लागतं. झडपेचं नाव आणि सेटिंग लिहिलेलं कार्ड फाईलच्या तळाशी नको, पाकिटात असू द्या.

शेवटी एक गोष्ट, जी गडबडीत सुटते. गाठ परतली की नळी तुंबली, हा प्रश्न "की"चा नसतोच कधी कधी. लिम्फोमा पाण्यात उतरला की पेशी आणि प्रथिन वाढतं आणि त्यानेच झडप तुंबू शकते. म्हणजे तुंबलेली नळी हीच उलटलेल्या आजाराची पहिली खूण असू शकते. नळी बदलली, माणूस जागा झाला, घरचे पेढे घेऊन आले, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. तुंबलेल्या नळीतलं पाणी त्याच वेळी तपासलं असतं तर तीन आठवडे वाचले असते.

म्हणून नळी बदलायला थिएटरमध्ये नेत असतील तेव्हा सर्जनना एवढं विचारा: डोक्यातून निघालेलं पाणी कुठेकुठे पाठवणार? जंतूंच्या कल्चरला ते जातंच. साखर-प्रथिन मोजायलाही जातं. पेशी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे आणि जमल्यास फ्लो सायटोमेट्रीला (पेशींची जात ओळखणाऱ्या तपासणीला) पाठवायला मात्र सांगावं लागतं, तेही ताजं ताजं, कारण या पेशी बाटलीत काही तासांत विरून जातात. आणि आदल्या दिवशी स्टेरॉइड सुरू झालं असेल तर तेही चिठ्ठीवर लिहायला सांगा. पेशी सापडल्या नाहीत, तर त्या नव्हत्या की वितळल्या, हे वाचणाऱ्याला त्यावरूनच कळतं.